सुटकेसमधली शेगडी: भाकरी होते, पण बाहेर

डबा खट्‌कन मागं सरकला, ज्योत विझली आणि तव्यावरची सातवी भाकरी अर्धी कच्ची राहिली. "अहो, तुमची सुटकेस झोपली की," सौ. म्हणाल्या. पोरं खिदळली. मला मात्र त्या आवाजानं बरं वाटलं. दुकानदारानं सांगितलेल्या दहा गोष्टींपैकी एक तरी खरी निघाली होती.

वस्तू कुठली ते आधी सांगतो. गॅसची एक बर्नरची शेगडी, प्लास्टिकच्या सुटकेसमध्ये येते ती. बाजूला एक कप्पा असतो, त्यात स्प्रेच्या डब्यासारखा लांबट ब्युटेनचा डबा आडवा बसतो. नॉब फिरवला की टक्‌ करून पेटते, काडी लागत नाही. मी ती १,८५० रुपयांना घेतली आणि वर २२० ग्रॅमचे चार डबे घेतले. कंपनीचं नाव देत नाही. बाजारात असल्या पाच-सहा कंपन्यांच्या शेगड्या आहेत, आतला सांगाडा सगळ्यांचा जवळपास सारखाच.

मी बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीच कुपोल्यापाशी, म्हणजे बीड वितळवायच्या भट्टीपाशी. आगीची भीती मोडली आहे, पण साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या गॅसची भीती तेवढी शिल्लक आहे. म्हणून हा रिव्ह्यू जरा लांबतोय. ज्यांना फक्त "घेऊ का नको" हवं आहे त्यांनी घ्या. फक्त तंबूच्या आत पेटवू नका, आणि मोठा तवा ठेवू नका. बाकीच्यांनी पुढं वाचा.

दुकानात मी सरळ विचारलं होतं, टेंटमध्ये चालते का म्हणून. "चालतंय की सर, धूर न्हाई, काजळी न्हाई, पावसात पडवीत बसून चहा करा." नाव घेत नाही, पण असं बोलणं बरं नव्हे. बॉक्समधला कागद बघितला तर बारीक इंग्रजी आणि बहुतेक कोरियन. मराठी नाही, कन्नडही नाही. त्या इंग्रजीत दुसऱ्याच ओळीला लिहिलेलं की बंद जागेत, गाडीत, तंबूत वापरू नये. म्हणजे विकणाऱ्यानं तो कागद उघडलाच नव्हता.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही जांबोटीकडं गेलो. आम्ही चौघं, माझी आई, आणि निपाणीहून आलेला मेहुणा त्याच्या कुटुंबासह. पोरांना जंगलात राहायचं होतं. पण पलीकडं भीमगड अभयारण्य आहे, २०११ साली जाहीर झालेलं, आणि तिथं आपल्या मनानं जाऊन चूल पेटवायची नसते. मावसभावाचं शेत आहे, भात काढून झालेलं. तिथंच दोन तंबू ठोकले. शेतात पाय ठेवल्या ठेवल्या भाऊ म्हणाला, "जाळ कुठं करूलालास गा? खाली समदं पिंजर हाय." खरंच, भाताची कापणी झाल्यावर जमिनीवर जो सुका चुरा पडतो, तो काडी लागते न लागते तोच पेटतो. पलीकडं गवताची गंजी उभी. आम्ही बांधाजवळची तांबड्या मातीची मोकळी पट्टी निवडली, खराट्यानं साफ केली, आणि भावाच्या पडक्या गोठ्याचे दोन चिरे आणून त्यावर शेगडी बसवली. फोल्डिंग टेबल नेलं होतं, ते पत्ते खेळायला ठेवलं. त्याचा एक पाय नेहमी अधांतरी असतो आणि त्यावर उकळतं पातेलं ठेवणं म्हणजे लग्नघरात कळशी डोक्यावर घेऊन नाचणं.

तंबूपासून किती लांब? मी पावलं मोजून दहा घेतली. कमीत कमी तीन मीटर तरी असावं असं माझं मत, आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे ठिणगी किंवा धूर तंबूकडं जाऊ नये. तणावे कुठून जातात ते आधी बघा. तंबूचे दोर संध्याकाळी दिसत नाहीत, आणि हातात डाळीचं पातेलं असताना तणाव्याला पाय अडकला की काय होतं ते सांगायला नको. सौभाग्यवतींनी त्यावर उपाय काढला. चुन्याची फक्की, पोरांच्या क्रिकेटच्या खेळपट्टीसाठी आणलेली, तिचं शेगडीभोवती मोठं वर्तुळ मारलं. "ह्या रेघेच्या आत पाय टाकला तर आंघोळ नाही, जेवणही नाही." सहा वर्षांचा भाचा रेघेवर अंगठा टेकवून उभा राहायचा, पण आत आला नाही. दोन दिवसांत एवढी एकच शिस्त पाळली गेली.

आता शेगडी. घरी गच्चीवर आणि शेतावर मी स्वयंपाकघरातला काटा घेऊन मोजमाप केलं. भरलेला डबा ३१८ ग्रॅम भरला, रिकामा ९८. दोन लिटर पाणी झाकण ठेवून बारा मिनिटांत उकळलं, त्याला ३३ ग्रॅम गॅस गेला. म्हणजे एका डब्यात चहा-पाण्याची सहा-सात वेळची सोय. सतत मोठ्या आचेवर ठेवली तर डबा दीड तासात रिकामा होतो. शेतावर वारा सुटल्यावर त्याच पाण्याला एकोणीस मिनिटं लागली. तेव्हा मेहुण्यानं पत्र्याचा आडोसा केला. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून शेगडीच्या तिन्ही बाजूंनी गुंडाळून ठेवला. मी तो लगेच काढला, त्याला राग आला. सांगतो का ते.

ह्या शेगडीचं सगळं गणित त्या आडव्या डब्यावर आहे. डबा बर्नरपासून वीतभर लांब, मध्ये पत्र्याची एक भिंत. डबा गरम झाला की आतला दाब वाढतो. एका मर्यादेच्या वर दाब गेला की आतली स्प्रिंगची खिट्टी डब्याला मागं ढकलते आणि गॅस तुटतो. तोच तो खट् आवाज. पत्र्याचा आडोसा शेगडीला चिकटून लावला की उष्णता डब्याकडंच वळते. आडोसा हवाच असेल तर शेगडीपासून चार फूट अंतरावर, वाऱ्याच्या एकाच बाजूला. आम्ही मग गाडी आडवी लावली.

आणि मोठा तवाही तेच करतो. आमचा भाकरीचा तवा बिडाचा, बारा इंची, माझ्याच फाउंड्रीतल्या दोस्तानं ओतून दिलेला. तो ठेवला की बर्नर झाकून डब्याच्या कप्प्यावर चार बोटं बाहेर येतो. तवा तापला की खालची धग सरळ कप्प्याच्या झाकणावर. पाचव्या भाकरीला मी झाकणावर तळहात ठेवून बघितला, ठेवता आला नाही. तेव्हाच थांबायला हवं होतं. "दोनच राहिल्यात" म्हणत सातव्यापर्यंत गेलो आणि खिट्टी सुटली. ती सुटली म्हणून हे लिहितोय. खिट्टी ही शेवटची भिंत असते, रोज तिच्यावर डोकं टेकायचं नसतं. आणि हलक्या मालात ती असतेच असं नाही. घेताना दुकानदाराला दाखवायला सांगा, नुसतं "हाय की" ऐकून घेऊ नका.

मग भाकरी होतच नाही का? होते. दुसऱ्या दिवशी भावाच्या घरचा लहान तवा आणला, आठ इंची लोखंडी. पाच भाकऱ्या केल्या, शेगडी बंद करून थंड होऊ दिली, मग पुढच्या. भाकऱ्या लहान झाल्या, आई म्हणाली ह्या भाकऱ्या का पुऱ्या. पण कप्पा कोमटच राहिला. पातेलंही त्याच हिशेबानं घ्या. कप्प्यावर आलं की मोठं. दोन शेगड्या शेजारी शेजारी लावून वर एकच मोठी परात ठेवणारे लोक मी एका सहलीत बघितलेत. तिथून मी उठून लांब जाऊन बसलो होतो.

डबा बसवताना त्याच्या कडेला एक खाच असते, ती वरच्या बाजूला यायला हवी. डबा आडवा असतो, बराचसा पातळ गॅसनं भरलेला. खाच वर असली की आतली नळी वर साठलेली गॅसची वाफ ओढते. उलटा बसला तर पातळ गॅसच बर्नरकडं येतो आणि हातभर पिवळा भडका उडतो. डबा बदलायचा तो ज्योत पूर्ण बंद करून, शेगडी निवाल्यावर, उघड्यावर, कंदील-सिगरेट लांब ठेवून. बसवल्यावर कान लावून ऐका, वास घ्या, शंका आली तर साबणाच्या पाण्याचा फेस लावा. बुडबुडा आला तर तो डबा बाजूला.

हे तंबूत का करायचं नाही, त्याचं एक कारण ब्युटेन हवेच्या दुप्पट जड असतो हे आहे. गळला तर तो वर जात नाही, खाली बसतो. आणि आजकालच्या तंबूचा तळ परातीसारखा कडा वर आलेला असतो, पाणी आत येऊ नये म्हणून. त्या परातीत गॅस साठतो आणि आपण तिथंच अंथरूण घातलेलं असतं. दुसरं कारण कापड. पॉलिस्टर साधारण अडीचशे अंशांवर वितळतं, नुसतं जळत नाही, पेटते थेंब खाली पडतात. पिशवीवर "फायर रिटार्डंट" लिहिलेलं असलं तरी ते कापड जळत नाही असा त्याचा अर्थ नाही, आग पसरायला थोडा उशीर लागतो इतकंच. तिसरं कारण मात्र कळलं ते ह्या शेगडीमुळं नाही, तिच्याशेजारी असलेल्या दुसऱ्या शेगडीमुळं. त्यावर थोडं सविस्तर.

पहिल्या रात्री कोंबडी आणि रताळी भाजायला मेहुण्यानं पत्र्याची शेगडी पेटवली होती, लोणारी कोळशाची. साडेदहाला जेवणं उरकली. कोळशावर राख धरली होती, वरून बघितलं तर विझलेलाच वाटावा. थंडी चांगलीच पडली होती, थर्मामीटरवर ११ अंश. आई गोधडीत गुंडाळून तंबूत बसलेली, हात चोळत. मेहुणा मनाचा चांगला माणूस. त्यानं काही न बोलता शेगडी उचलली, तंबूच्या पुढच्या पडवीत ठेवली आणि बाहेरचं दार खाली सोडलं. "मावशींना ऊब येईल."

मी लांब भांडी घासत होतो. तंबूत आईच्या उशाशी मी एक कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म ठेवला होता, बॅटरीवरचा, आकडा दाखवणारा. घरच्यांनी त्याची टिंगल केली होती. मुलगी चार्जर घ्यायला आत गेली आणि तिथूनच ओरडली, "बाबा, तुमच्या डबीवर चौऱ्याऐंशी आलंय, हे चांगलं का वाईट?"

हातातलं पातेलं टाकून पळालो. शेगडी बाहेर, दोन्ही दारं वर, आईला हाताला धरून बाहेर. आई म्हणाली, "काय झालं रे, मला तर छान डुलकी लागत होती." ती डुलकी ऐकूनच माझे पाय गार पडले.

अलार्म वाजला का नव्हता? तर तो लगेच वाजायचा नसतोच. युरोपच्या मानकानुसार बनलेला अलार्म ५० पीपीएमला (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ह्या वायूचे ५० भाग) तास ते दीड तासानं वाजतो, १०० ला दहा ते चाळीस मिनिटांत, ३०० ला तीन मिनिटांच्या आत. चौऱ्याऐंशीला तो अजून हिशेब करत होता. शेगडी आत येऊन जेमतेम दहा मिनिटं झाली होती आणि आकडा चढतच होता. म्हणून अलार्म घेताना आकडा दाखवणारा घ्या. नुसत्या लाल दिव्याचा आम्हाला त्या रात्री उपयोग झाला नसता.

मेहुणा हबकला. "पण दाजी, धूर तर नव्हता." हाच तर घोळ. फाउंड्रीत आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात की धूर दिसतो त्याला घाबरू नका, न दिसणाऱ्याला घाबरा. ह्या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त जोरानं चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, सुस्ती येते, माणसाला वाटतं जेवण जड झालं. आणि राख धरलेला निखारा पेटत्या कोळशापेक्षा कमी नाही. त्याला हवा कमी मिळते, म्हणून तो अर्धवट जळत राहतो आणि तासन् तास हेच सोडत राहतो. माझ्या उमेदवारीच्या काळात एका कारखान्याचा रखवालदार पत्र्याच्या केबिनमध्ये शेगडी घेऊन झोपला होता. पहाटे दार फोडून काढला, वाचला, पण नंतर कित्येक महिने त्याला साधी बेरीज जमत नव्हती. त्याचा चेहरा मला त्या रात्री आठवत राहिला.

कोळसे मग लोखंडी बादलीत ओतले, पाणी घातलं, काठीनं ढवळलं, परत पाणी. सकाळी सहाला बादलीला हात लावला तर तळाशी अजून कोमट.

माझ्या ब्युटेनच्या शेगडीलाही हे सगळं लागू आहे, हे विसरू नका. निळी ज्योत उघड्यावर स्वच्छ जळते. पण बंद तंबूत हवा कमी पडली, किंवा थंडगार पाण्याचं मोठं पातेलं ज्योतीवर दाबून बसलं, की तीही हाच वायू सोडते. पावसात पडवीत बसून चहा हे जाहिरातीत छान दिसतं. पाऊस आला तर आम्ही तंबूपासून लांब, चार बांबूंवर ताडपत्री बांधतो, चारी बाजू उघड्या, उंची पुरुषभर. चहा जरा पाणचट होतो, होऊ दे.

शेगडीची आणखी एक खोड, थंडीची. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो. अकरा अंशात दाब आधीच कमी, त्यात गॅस निघत असताना डबा स्वतः गार पडत जातो. सकाळी साडेसहाला डब्यावर दव साचलं होतं आणि ज्योत निरांजनाएवढी. अर्धाअधिक रिकामा डबा असेल तर जास्तच. यावर लोक डबा गरम पाण्यात बुडवतात, कोणी लायटरनं शेकतात. तसलं काही करू नका. मी दुसरा डबा रात्री गाडीत गोधडीत गुंडाळून ठेवला होता, तो लावला, उप्पीट झालं. उन्हाळ्यात याच्या उलट करायचं. डब्यावरच छापलेलं असतं की ५० अंशांच्या वर ठेवू नये, आणि मे महिन्यात उन्हात लावलेली गाडी तो आकडा सहज ओलांडते.

आणि एक. रिकामा डबा घरच्या सिलिंडरवरून भरून देणारे लोक आहेत, शंभर रुपयांत, पितळी नोझल लावून. घरच्या सिलिंडरात प्रोपेनही असतो, त्याचा दाब ब्युटेनपेक्षा कितीतरी जास्त. हा पातळ पत्र्याचा डबा त्या दाबासाठी केलेलाच नाही. मेहुण्याकडं असा एक भरलेला डबा होता. तो डबा परत निपाणीला गेला नाही, एवढं सांगतो.

जवळ काय ठेवलं होतं: दोन बादल्या पाणी, तेल पेटलं तर झाकायला मोठी ताटली, कारण तेलाच्या आगीवर पाणी म्हणजे भडका. आजोबांच्या काळातली धनगरी घोंगडी. लोकर सहजासहजी पेट घेत नाही, अंगावरच्या कपड्याला आग लागली तर गुंडाळायला तिच्यासारखं काही नाही. भाजलं तर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. टूथपेस्ट, हळद, शाई काही नाही. दुसऱ्या दिवशी सौभाग्यवतींच्या मनगटाला तवा लागला, वीस मिनिटं त्या कुरकुरत पाण्याखाली हात धरून बसल्या, फोड आला नाही. उरलेलं अन्न गाडीत बंद केलं. रात्री गवे येतात त्या भागात, त्यांना आमच्या रश्श्यात रस नसेलही, पण भटक्या कुत्र्यांना होता.

गुण द्यायचे तर शेगडीला पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण त्या खट् आवाजाचा. कोरियन कागदाचा एक कापला, थंडीतल्या निरांजनाचा अर्धा. दुकानदाराला शून्य. मुख्य जेवणासाठी पाच किलोचा लहान सिलिंडर बरा, जड आहे पण तव्याशी भांडत नाही. ही शेगडी चहा, मॅगी, अंडी, पोराचं दूध याला उत्तम.

आईच्या थंडीचं काय केलं ते राहिलंच. दुसऱ्या रात्री दोन लिटर पाणी गरम केलं, उकळी यायच्या आधीच उतरवलं, रबरी पिशवीत भरून टॉवेलात गुंडाळलं आणि तिच्या पायाशी सरकवलं. तीस ग्रॅमही गॅस गेला नाही. अलार्मवर रात्रभर शून्य. सकाळी उठल्यावर आईची तक्रार एकच होती, पिशवी एकच का आणली.